ज्याचे अंतर त्यानेच तोडावे

गुलबर्ग्याच्या किल्ल्याभोवतालची पहाट अनुभवावयाची असेल, तर ती ऐन उन्हाळ्यात अनुभवावी. दिवसा ज्या रस्त्यावर चाळीस अंशांहून अधिक उष्म्याने डांबर मऊ पडते, त्याच रस्त्यावर पहाटे पाचच्या सुमारास काळ्या भुईतून मंद गारवा वर येत असतो. बहामनी सुलतानांनी १३४७ साली येथे आपली राजधानी वसविली. किल्ल्यातील जामा मशीद १३६७ सालची. तिचे अंगणसुद्धा घुमटांखाली झाकलेले आहे. पुढे राजधानी बिदरास गेली, राज्ये आली आणि लयास गेली. २०१४ साली शहराचे सरकारी नाव कलबुर्गी झाले. परंतु आम्हा सीमेवरच्या मराठी माणसांच्या तोंडी अद्यापि गुलबर्गा हेच नाव आहे.

अशाच एका पहाटे, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, प्रस्तुत लेखक आयुष्यात प्रथमच धावावयास निघाला. व्यवसायाने मी शिक्षक. आळंद तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकविण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. वीस वर्षे फळ्यापाशी उभा राहिलो, आणि उरलेला वेळ उत्तरपत्रिकांवर वाकून घालविला. शेवटी रक्तातील साखर वाढली, आणि डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीखाली 'रोज चालणे' असे लिहून दिले. चालण्याऐवजी धावलो तर काम लवकर आटोपेल, असा हिशेब मी केला. शिक्षकाला वेळ वाचविण्याची खोडच असते.

पहिल्या दिवशी मी शाळेच्या क्रीडामहोत्सवात मुले शंभर मीटर धावतात तसा धावलो. खंदकाचे दुसरे वळण येते न येते तोच पोटात कळ उठली, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी एका मोरीच्या कठड्यावर मटकन बसलो. सायकलीवरून चाललेला दूधवाला थांबला. कॅनवर हात ठेवून त्याने सहानुभूतीने विचारले, “काय मास्तर, मागे कोणी लागले होते काय?”

मागे कोणीच लागले नव्हते. त्या प्रश्नावर मी हसलो खरा. पण घरी परतताना तो मनातून जाईना. आपण एवढ्या घाईने निघालो होतो ते कोणासाठी?

पहिल्या मैलाचा संयम

पुढे थोडे वाचन केले, अनुभवी धावपटूंना विचारले, तेव्हा दीर्घ पल्ल्याच्या धावेचे मूलतत्त्व कळले. ते असे की, आरंभी शक्य असेल त्याहून हळू धावावे. धावताना शेजाऱ्याशी एक पूर्ण वाक्य न धापता बोलता आले पाहिजे. ते साधत नसेल, तर वेग अधिक आहे असे समजावे.

यामागे शरीराचा रोखठोक हिशेब आहे. आपल्या यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाच्या साखरेचा साठा असतो. सर्वसाधारण प्रौढ माणसाजवळ तो सुमारे दोन हजार कॅलरींचा असतो. धावताना शरीराच्या वजनाच्या दर किलोस, दर किलोमीटरला सुमारे एक कॅलरी खर्ची पडते. म्हणजे साठ किलो वजनाच्या माणसास ४२ किलोमीटरांच्या मॅरेथॉनला अडीच हजार कॅलरी हव्यात. वजाबाकी कोणीही करावी. ही पाचशेंची तूट चरबीतून भरून निघते; पण चरबी सावकाश जळते आणि सावकाश धावणाऱ्यालाच ती पुरेशी उपयोगी पडते. जो पहिल्या मैलात उधळतो, तो साखरेची तिजोरी लवकर रिती करतो. मग तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पाय शिशाचे होतात, मन खचते, आणि समोर भिंत उभी राहिल्यासारखे वाटते. चूक पहिल्या तासातली असते. तिची शिक्षा मात्र तिसऱ्या तासात मिळते.

हे वाचीत असताना मला माझे वर्ग आठवले. जूनमध्ये शाळा उघडली की आम्ही शिक्षक सुसाट सुटतो. पाठ्यपुस्तक जाडजूड, सुट्या अनेक, तपासणीला येणारे अधिकारी 'अभ्यासक्रम कोठवर आला' एवढेच विचारणार. म्हणून जुलैअखेर तीन प्रकरणे संपलीच पाहिजेत. पहिल्या बाकावरची चार मुले माना डोलावतात आणि आम्ही ती साऱ्या वर्गाची संमती समजतो. शेवटच्या बाकावरच्या मुलाला अपूर्णांकांची बेरीज येत नसते. तरी त्याला आम्ही वर्गसमीकरणांच्या डोंगरावर चढवितो. फेब्रुवारीत तो मुलगा भिंतीला टेकून बसतो, आणि आम्ही म्हणतो, 'हा आळशी आहे.' आळशी तो नव्हताच. त्याचा श्वास जुलैमध्येच सुटला होता. त्याला एक पूर्ण वाक्य बोलता येते की नाही, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते.

त्या वर्षापासून मी जूनचा संपूर्ण महिना मागील इयत्तांच्या उजळणीला देऊ लागलो. सहकारी म्हणाले, 'तुम्ही मागे पडाल.' सप्टेंबरपर्यंत मागे होतोही. परंतु जानेवारीत माझा वर्ग चालत होता, आणि शेजारचे वर्ग बसले होते.

अनवाणी पावले

धावण्याच्या छंदामुळे मला एका विस्मृत माणसाची ओळख झाली. तो माणूस आपल्याच सीमाभागातला. फडेप्पा दारेप्पा चौगुले हे बेळगावचे. १९२० साली बेल्जममधील अँटवर्प शहरी ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा हिंदुस्थानातून जो पहिला संघ गेला, त्यात ते होते.

तो संघ जाण्याचे कारणही शिक्षकांनी मनन करावे असे आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष तेव्हा सर दोराबजी टाटा होते. १९१९ साली जिमखान्याच्या वार्षिक सामन्यांत त्यांनी खेडुत मुलांना लांब पल्ल्याच्या शर्यती धावताना पाहिले. पायांत बूट नव्हते, शास्त्रशुद्ध शिक्षणाचा गंध नव्हता. खडीच्या रस्त्यावर ही मुले अनवाणी धावत होती. आणि तरीही त्यांतील काहींचा वेग युरोपातील धावपटूंच्या तोडीचा होता. ती मुले काही त्याच वर्षी धावावयास लागली नव्हती. शेतातून गावी, गावातून बाजारी ती पूर्वापार धावतच होती. त्यांच्याकडे पाहून पुढील वाट मनात आणणारे डोळे मात्र त्या वर्षी मिळाले. दोराबजींनी पुढाकार घेतला, खर्चाचा भार उचलला, आणि संघ समुद्रापार गेला.

२२ ऑगस्ट १९२० रोजी अँटवर्पची मॅरेथॉन झाली. अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या ठरीव अंतराहून अर्ध्या किलोमीटरने अधिक. फिनलंडचे हानेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिले आले. आपले चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत पोहोचले; त्यांचा क्रमांक एकोणिसावा. त्यांच्या समवेत धावलेले सदाशिव दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही.

एकोणिसाव्या क्रमांकाला पदक नसते. आमच्या निकालपत्रकात तर पहिल्या तिघांखालची नावे कोणी वाचीत नाही. परंतु दक्खनच्या मातीत वाढलेला एक तरुण परक्या देशात, परक्या हवेत, जगातील उत्तमोत्तम धावपटूंच्या मेळ्यात सारे अंतर तोडून येतो, ही गोष्ट लहान आहे काय? मी शाळेत ती सांगतो तेव्हा मुले हटकून विचारतात, “सर, मग ते हरले का?” मी त्यांना विचारतो, “तुमच्यापैकी किती जण सलग पावणेतीन तास एकाच कामाला चिकटून राहिलात?” वर्ग शांत होतो. मग मी दातारांचेही नाव घेतो. ज्यांची शर्यत अपुरी राहिली त्यांचीही नावे वर्गात उच्चारली जावीत, असे मला वाटते. कारण बाकांवर बसलेल्यांत तशी मुले अनेक असतात.

दोराबजींच्या त्या दृष्टीची मला फार असूया वाटते. आमच्या वर्गातील मूल घरी मराठी बोलते, बाजारात दखनी उर्दू बोलते, आणि कचेरीतल्या अर्जासाठी कन्नड लिहावयास शिकते. तीन भाषांच्या खडीवरून ते रोज अनवाणी चालते. आम्ही मात्र त्याच्या वहीत फक्त ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पाहतो.

विसाव्याचे पोषण

दुसरा धडा मला दुखापतीने दिला. चार महिन्यांत बारा किलोमीटरपर्यंत मजल गेली, तसा उत्साह अनावर झाला. सातही दिवस धावू लागलो. नडगीत बारीक दुखणे सुरू झाले, त्याकडे दुर्लक्ष केले, आणि अखेर सहा आठवडे घरी बसावे लागले.

तेव्हा समजले की धावताना बळ वाढत नाही. धावताना स्नायू झिजतात. बळ वाढते ते नंतर, झोपेत आणि विसाव्यात, जेव्हा शरीर झिजलेल्याची डागडुजी करते आणि ती करताना पूर्वीपेक्षा थोडे अधिक मजबूत बांधते. उन्हाचेही तसेच. उष्म्यात धावण्याची सवय शरीराला एका दिवसात होत नाही. घाम लवकर येऊ लागणे, त्यातून मीठ कमी जाणे, हृदयाचे ठोके स्थिरावणे, यांस दहा ते चौदा दिवस लागतात. आमच्या गुलबर्ग्यात जो मार्चमध्ये हळूहळू उन्हाला सरावतो, त्यालाच एप्रिल झेपतो.

दहावीच्या मुलांचे जादा तास आम्ही पहाटे सहाला सुरू करीत असू आणि सायंकाळी सातला सोडीत असू. पालकांना ते फार आवडे; शाळेची कीर्ती होई. मुले डुलक्या घेत. मी माझ्यापुरते रविवारचे जादा तास बंद केले, आणि आठवड्यातील एक दिवस नवे काहीही न शिकविता मुलांना जुनेच सोडवू दिले. पेरलेले उगवावयास पावसानंतर उघडीपही लागते, हे तूर पिकविणाऱ्या आमच्या जिल्ह्याला कोणी वेगळे सांगावयास नको होते. शाळेला मात्र ते सांगावे लागले.

दोरांदोचा चषक

आता जी गोष्ट सांगावयाची, ती सांगताना लेखणी जड होते. परंतु तिच्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

मला धावू लागून दुसरे वर्ष होते. दहावीच्या वर्गात शेतमजुराचा एक मुलगा होता. स्वभावाने गोड, अंगाने काटक, गणितात अगदी कच्चा. सुगी संपली की त्याचे आईबाप बांधकामाच्या मजुरीसाठी पुण्यामुंबईकडे जात. त्यामुळे दर वर्षी त्याचे तीनचार महिने बुडत. त्याला पायापासून शिकवावयाचे तर वर्ष लागले असते, आणि माझ्यापाशी उरले होते दोन महिने. शाळेचा निकाल वाढविण्याची ताकीद होती. मी सोपी वाट धरली. अंतर्गत मूल्यमापनाचे २० पैकी १९ गुण मी त्याला देऊन टाकले; त्याने न केलेल्या प्रकल्पाची वहीसुद्धा दुसऱ्याकडून उतरवून घेतली. लेखी परीक्षेसाठी हमखास येणारी काही प्रमेये आणि ठरावीक उदाहरणे त्याच्याकडून पाखरासारखी घोकून घेतली. तो कसाबसा उत्तीर्ण झाला. त्याच्या आईने पेढे आणले. मी ते खाल्ले, आणि मनोमन स्वतःची पाठ थोपटली.

त्यानंतर काही वर्षांनी मी १९०८ सालच्या लंडन ऑलिंपिकची हकीकत वाचली. त्या वर्षीच्या २४ जुलैस मॅरेथॉन झाली. इटलीचा दोरांदो पिएत्री नावाचा मिठाईवाल्याकडे काम करणारा ठेंगणा तरुण सर्वांच्या आधी क्रीडांगणात शिरला. परंतु उन्हाने आणि थकव्याने त्याचे भान हरपले होते. तो उलट्या दिशेने वळला, पडला, उठला, पुन्हा पडला. हजारो प्रेक्षक श्वास रोखून पाहत होते. शेवटी पंचांना राहवेना. त्यांनी त्याला हात देऊन उठविले, सावरले, आणि अंतिम रेषेपार नेले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मागाहून अमेरिकेचा जॉनी हेज स्वतःच्या पायांनी आला. त्याच्या संघाने तक्रार केली, ती मान्य झाली, आणि दोरांदो बाद ठरला. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने त्याला सोन्याचा मुलामा दिलेला चषक देऊन त्याचे सांत्वन केले.

पंच दुष्ट नव्हते. कनवाळूपणानेच त्यांनी हात पुढे केला. परंतु ज्या घटकेला त्यांनी त्याला उचलले, त्या घटकेला त्याने पायांनी तोडलेले सारे अंतर त्याच्यापासून हिरावले गेले. हे वाचून मी पुस्तक मिटले. डोळ्यांपुढे त्या मुलाच्या आईने आणलेला पेढ्यांचा पुडा आला.

आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न एकट्या माझा नाही. २०२४ साली कर्नाटकाच्या दहावीच्या परीक्षा केंद्रांवर प्रथमच कॅमेऱ्यांद्वारे थेट देखरेख, म्हणजे वेबकास्टिंग, सुरू झाले. राज्याचा निकाल आदल्या वर्षी ८३.८९ टक्के होता, तो ७३.४० वर उतरला, आणि तोही सवलतीचे गुण वाढवून दिल्यानंतरचा. २०२५ साली दक्षिण कन्नड जिल्हा ९१.१२ टक्क्यांनी पहिला आला, आणि आमचा कलबुर्गी जिल्हा ४२.४३ टक्क्यांनी सर्वांत शेवटी. वर्तमानपत्रांत हळहळ झाली, कोणी मुलांना दोष दिला, कोणी कॅमेऱ्यांना. मला त्या आकड्यात आमचेच हात दिसले. वर्षानुवर्षे आम्ही मुलांना काखेत धरून रेषेपार नेत आलो होतो. हात दूर करावे लागले, तेव्हा कळले की त्यांना आपल्या पायांवर चालावयास आम्ही शिकविलेच नव्हते. गरिबी, स्थलांतर आणि शिक्षकांच्या रिकाम्या जागा ही सारी कारणे खरी आहेत. परंतु खोटे गुण हा त्यांवरचा उपाय खचित नव्हे. मलमपट्टीखाली जखम चिघळते तसे ते आहे.

इतेनचे ब्रदर

ज्या शिक्षकाला आपली चूक कळली, त्याने पुढे काय करावे? या प्रश्नाचे उत्तर मला एका धर्मबंधूच्या चरित्रात सापडले. ब्रदर कॉल्म ओकॉनल हे मूळचे आयर्लंडचे, पॅट्रिशियन ब्रदर्स या संघाचे. १९७६ साली ते केनियातील इतेन गावच्या सेंट पॅट्रिक्स हायस्कूलमध्ये भूगोल शिकवावयास आले. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० मीटर उंचीवर. थोड्या काळासाठी आलेले ब्रदर तेथलेच होऊन गेले.

धावण्याच्या विद्येचे त्यांनी कोठे अध्ययन केले नव्हते. मुलांच्या सरावाची जबाबदारी अंगावर आली, तेव्हा त्यांनी एक साधी गोष्ट केली: ते बाजूला उभे राहून पाहू लागले. कोणाचे पाऊल कसे पडते, कोण कोठे दमतो, कोणाला चारचौघांत बोललेले सोसत नाही, हे ते मुलांकडूनच शिकले. या शाळेच्या पीटर रोनोने १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरचे सुवर्णपदक मिळविले. पुढे त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या डेव्हिड रुडिशाने २०१२ साली लंडन येथे ८०० मीटर अंतर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत तोडून जागतिक विक्रम केला. ब्रदर स्वतः मात्र कोणाच्याही वतीने एक पाऊल धावले नाहीत. सराव ठरवावा, जवळ उभे राहावे, खरे ते सांगावे, आणि शर्यतीच्या दिवशी कुंपणापलीकडे थांबावे, एवढेच गुरूचे काम आहे.

संत पौलाने करिंथच्या ख्रिस्ती जनांस लिहिताना धावपटूचा दृष्टांत घेतला, तो उगाच नव्हे. करिंथजवळ दर दोन वर्षांनी मोठे सामने भरत. तेथील लोकांना धावपटूचे संयमित जीवन ठाऊक होते. प्रेषिताने त्यांना त्या शर्यतीची आठवण दिली. पण आपण तुमच्या वतीने धावतो, असे काही कोठे म्हटले नाही.

डाळीच्या गिरणीतील विद्यार्थी

त्या मुलाची पुढे भेट झाली. पाच वर्षांपूर्वी एका सायंकाळी शहराबाहेरच्या एका डाळीच्या गिरणीसमोरून मी धावत परतत होतो. फाटकातून एक तरुण पुढे आला आणि पाया पडला. अंगावर तुरीच्या फोलपटांची धूळ होती. दहावीनंतर त्याने पुढल्या वर्गात नाव घातले. तेथे गणिताने त्याला पहिल्याच वर्षी बाहेर काढले. आता तो पोती वाहत होता. मुकादमाने त्याला वजनाच्या नोंदींचे काम देऊ केले होते. परंतु शेकडेवारी येत नाही म्हणून त्याने स्वतःच नकार दिला होता.

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तो इतकेच म्हणाला, “सर, तुम्ही मला पास केले. पण मला गणित आले नाही.”

तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांस या वाक्याचे वजन सांगावयास नको. मी त्याची क्षमा मागितली. तो संकोचला, म्हणाला, “तसे नको, सर.” मी म्हणालो, “मग रविवारी दुपारी घरी ये.”

तो येऊ लागला. आम्ही अपूर्णांकांपासून आरंभ केला, म्हणजे जेथे त्याचा श्वास प्रथम सुटला होता तेथून. वेग त्यानेच ठरवावयाचा होता. दोन आठवडे काम अधिक असले की तो येत नसे. मी निरोप धाडीत नसे. आठनऊ महिन्यांनी मी त्याच्याच कामातले एक उदाहरण त्याला घातले: प्रत्येकी पन्नास किलोची छत्तीस पोती तूर आहे, शेकडा बहात्तर डाळ निघते, तर डाळ किती?

त्याने वही पुढे ओढली. प्रथम त्याने छत्तिसाचेच बहात्तर टक्के काढले. चूक दुसऱ्या ओळीतच होती. माझे बोट आपोआप वहीकडे निघाले. एवढेच दाखवावयाचे होते. अर्ध्या क्षणाचे काम होते. मी हात मागे घेतला आणि मनगटावरचे घड्याळ काढून पालथे ठेवले. स्वयंपाकघरातून पत्नीने चहा झाल्याचे सांगितले; तिला मी खुणेनेच थांबविले. पंचवीस किलोमीटर धावण्यास जेवढे बळ लागते, तेवढे मला त्या वेळी गप्प बसावयास लागले.

बराच वेळ तो आपल्या उत्तराकडे पाहत राहिला. मग स्वतःशीच पुटपुटला, “छत्तीस पोत्यांतून सव्वीससुद्धा किलो डाळ नाही? असे कसे होईल? मालक गिरणी बंद करील.” तो हसला. त्याने सारे खोडले, पोत्यांचे किलो केले, अठराशे लिहिले, आणि सावकाश एकेक पायरी उतरत गेला. वीस मिनिटांनी वही माझ्यापुढे आली. उत्तर होते १२९६ किलो.

ते बरोबर होते. विशेष म्हणजे ते बरोबर आहे की नाही, हे त्याने मला विचारले नाही. त्याला ते ठाऊक होते.

आज तो त्याच गिरणीत काट्यापाशी बसतो आणि नोंदवही लिहितो. दहावीच्या प्रमाणपत्रावरचे गुण अजून तेच आहेत, माझ्या हाताने फुगविलेले. ते पुसण्याची सोय माझ्यापाशी नाही. तेवढे ओझे मी बाळगतो, आणि ते बाळगणे मला योग्यच वाटते.

मी आता निवृत्त झालो आहे. गेली अकरा वर्षे पहाटेचे धावणे सुरू आहे. साखर आटोक्यात आहे. वेग मात्र वाढला नाही, आणि वाढावा अशी इच्छाही उरली नाही. कधी किल्ल्यापाशी तोच दूधवाला भेटतो. त्याचीही दाढी पांढरी झाली आहे. तो हात वर करून विचारतो, “मास्तर, किती झाले?” मी आकडा सांगतो, तो मान हलवितो, आणि आम्ही आपापल्या वाटेने जातो.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आणि मुलांच्या अभ्यासाशेजारी रोज सायंकाळी बसणाऱ्या मातापित्यांनो, या लांब वाटेवर मी जे शिकलो, ते थोडे आहे. आरंभी हळू निघा. जे मूल मागे आहे, त्याचा श्वास ऐका. विसावा द्या. पाण्याचा पेला घेऊन जागोजाग उभे राहा. आणि अखेरच्या वळणावर, जेव्हा तुमचे लेकरू अडखळते आणि तुमचा जीव कासावीस होतो, तेव्हा हाक मारा, धीर द्या; पण त्याला उचलू नका. पडले तर पुन्हा उठावयास त्याला वेळ द्या. अंतर त्याचे आहे. ते त्यालाच तोडू द्या.